कोनच्या मांडवातली शिट्टी

बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत, असं म्हणतात. हे ज्याने कोणी म्हटलं त्याने कानाचं मशीन विकून पाहिलेलं नसणार. माझ्या धंद्यात गिऱ्हाइकाला मुळात ऐकूच येत नाही, तेव्हा नुसतं बोलून काय उपयोग? शिवाय ज्याला ऐकू येत नाही तो ते कधी कबूल करत नाही. त्याचं म्हणणं असतं, मला व्यवस्थित ऐकू येतं, तुम्हीच हल्ली पुटपुटता.

पनवेलच्या लाइन आळीत एका अरुंद जिन्याच्या वर आमचं दुकान आहे. दुकानाचे मालक कान तपासतात, त्यांना सगळे सर म्हणतात. मी मशीन विकते आणि विकल्यानंतरची सगळी उस्तवार करते. आज कोन-पळस्प्यापासून पार उरणच्या मोरा जेट्टीपर्यंत माझी गिऱ्हाइकं आहेत. लोकांना वाटतं, हिची जीभ फार गोड असणार. गोड वगैरे काही नाही, माझ्या नवऱ्याला विचारा. मला फक्त एक खोड आहे. एखादी गोष्ट का बिघडली हे कळल्याशिवाय मला घास गिळवत नाही. ही सगळी गिऱ्हाइकं त्या खोडीने मिळवून दिली, आणि त्याची सुरुवात झाली एका तक्रारीच्या फोनने.

दुपारी नुकताच डबा उघडला होता. फोन कोन गावच्या एका दादांचा. त्यांच्या आईला मी थोड्याच दिवसांपूर्वी मशीन दिलं होतं. दादा एरवी मऊ बोलायचे, पण त्या दिवशी त्यांचा आवाज घट्ट होता.

"मॅडम, ती मशीन घेऊन जा. आई परत कानाला लावनार नाय. आनि आता ती गानार पन नाय."

पुढे काही विचारायच्या आत फोन बंद झाला. मशीन परत येणं ही आमच्याकडे नवी गोष्ट नाही. लोक दातांची कवळी आणतात तसं मशीन आणतात, टोचतं म्हणतात, परत करतात. पण 'ती गानार नाय' हे ऐकलं आणि माझा हात डब्यातच राहिला.

कारण आजींनी मशीन घेतलं होतं ते गाण्यासाठीच. त्या कोन गावच्या धवलारीण. आगरी लोकांच्या लग्नात हळदीपासून पुढे प्रत्येक विधीला म्हणायची गाणी असतात, त्यांना धवले म्हणतात, आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. भटजी नंतर. हळदीचे तांदूळ धुतले जातात तेही तिच्या गाण्यावर. ही गाणी कुठे लिहिलेली नाहीत, आजींनी ती आपल्या सासूकडून घेतली होती. गावातल्या बहुतेक लग्नांत त्या गायल्या होत्या, आणि आता पंधरवड्यावर त्यांच्या स्वतःच्या नातीचं, दादांच्या मुलीचं, लग्न आलं होतं.

धवले एकटीने म्हणत नाहीत. दोघी लागतात. एकीने ओळ टाकायची, दुसरीने ती उचलायची. आजींची एक जोडीदारीण होती, त्यांच्याच आळीतली, तरुणपणापासून बरोबर गाणारी. गेली काही वर्षं आजींना तिची ओळ ऐकू येईनाशी झाली होती. मग ही एक कडवं म्हणतेय, ती दुसरंच, असं व्हायला लागलं. लोक आदराने गप्प बसायचे, पण तरुण पोरी तोंडावर ओढणी धरायच्या. नातीने हट्ट धरला की माझ्या हळदीला आजीच गाणार, आणि दादा आईला घेऊन आमचा जिना चढले.

त्या पहिल्या भेटीत आजींनी सरांना कान तेवढे तपासू दिले, मला दाद दिली नाही. म्हणाल्या, त्यांना सगळं ऐकू येतं, हल्ली लोकांचीच तोंडं बसली आहेत. मी वाद घातला नाही. पुढच्या आठवड्यात कोनला गेले. त्यांनी चहा दिला आणि बोळवण केली. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. आजींची सूनबाई मला पाहून हसायला लागली होती. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. एकदा गेले तर आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसून निवडू लागले. बऱ्याच वेळाने त्यांनी आपणहून विचारलं की ती मशीन कानात दुखते का.

त्या दिवशी त्यांच्या कानाला मशीन लावलं आणि जोडीदारणीला बोलावून आणलं. ती दारातून काहीतरी म्हणाली. आजींनी तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हिचा आवाज म्हातारा झाला की गो." दोघी हसल्या, मग दोघींनी डोळे पुसले. मशीन विकलं गेलं. सर खूश झाले, मीही झाले, खोटं कशाला बोलू.

आणि आता हा फोन.

सरांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, घेऊन या परत, मुदतीत आहे, वाद नको. बरोबरच होतं त्यांचं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझे वडील शेवटची वर्षं समारंभात कोपऱ्यातली खुर्ची धरून बसायचे आणि जो काही बोलेल त्याला मान डोलवायचे. कोणी 'तुमची तब्येत कशी' विचारलं तरी मान, 'तुमचा मुलगा नापास झाला' म्हटलं असतं तरी मान. आजींना मी तशा कोपऱ्यात बसलेल्या पाहू शकत नव्हते. मी हत्यारांची पेटी उचलली आणि टमटममध्ये बसले.

दादांचं घर तीन मजली, दर्शनी खांबांना ग्रॅनाइट, अंगणात खडीचे दोन ट्रक उभे. एके काळी त्यांच्या वडिलांची भातशेती होती, त्यातली बरीच रस्त्यांत आणि प्रकल्पांत गेली, आता दादा बिल्डरांना खडी-रेती पुरवतात. त्यांनी मला ओट्यावरच थांबवून सगळं सांगितलं. शेजारच्या गावात हळद होती. आजी नव्या मशीनसकट मांडवात बसल्या, पहिली ओळ टाकली, आणि मशीनने शिट्टी मारली. लांबलचक, कर्कश. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा शिट्टी. मागून कोणीतरी म्हणालं, आजीचा कुकर झाला वाटतं. सगळा मांडव हसला. आजी उठल्या, मशीन काढून पदराच्या गाठीला बांधलं आणि हळद अर्ध्यावर टाकून घरी आल्या. त्यांना पूर्वी ऐकू येत नव्हतं तेव्हा लोक निदान गप्प बसायचे, असं दादा म्हणाले. मी चपला काढल्या आणि आत गेले.

आजी आत पलंगावर बसल्या होत्या. मी मशीन तपासलं. रबरी टोपी बदलली, मळ काढला, पुन्हा कानात बसवलं. शिट्टी नाही. मोठ्याने बोलायला लावलं. नाही. सुपारी चघळायला दिली, कारण जबडा हलला की मशीन सैल होतं. नाही. डोक्यावरून पदर घ्यायला सांगितला, माझा संशय पदरावर होता. तरीही नाही. आजी माझी धडपड बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "इथं नाय वाजनार ती. मांडवात वाजते. तिला मानसं लागतात."

सूनबाई हसली, मी हसले नाही. मी म्हटलं, आजी, जरा गाऊन दाखवा, म्हणजे मला कळेल. तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते. धवला असा उगाच म्हणत नाहीत, त्याला मांडव लागतो, लग्न लागतं, रिकाम्या घरात म्हणणं त्यांना अशुभ वाटत होतं. मांडवात तरी गाणार का, तर ते तर मुळीच नाही. एकदा हसं झालं तेवढं पुरे. म्हणजे शिट्टी कशाने वाजते ते गायल्याशिवाय कळणार नाही, आणि शिट्टीचा बंदोबस्त झाल्याशिवाय आजी गाणार नाहीत. मी पार कात्रीत सापडले.

निघताना दादा फाटकापर्यंत आले. त्यांनी आवाज उतरवून सांगितलं की नातीच्या हळदीला स्पीकरवर रेकॉर्ड केलेले धवले लावायचं त्यांनी ठरवलं आहे. हल्ली पुष्कळजण तेच करतात. नातीला अजून सांगितलेलं नव्हतं, आजींनाही नाही. ते काही दुष्टपणाने बोलत नव्हते. आईचा पाणउतारा त्यांना पुन्हा बघायचा नव्हता. मी म्हटलं, मला लग्नापर्यंत वेळ द्या. ते म्हणाले, वेळ घ्या, पण आईला आता भरीला घालू नका.

घरी आले ती धुमसतच. त्या रात्री नवऱ्याने भाजीत मीठ नाही म्हटलं, तर त्याला नको इतकं ऐकवलं. मशीन उघडून पाहिलं, दुसऱ्या मशीनशी ताडून पाहिलं, कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, मॅडम, पीस बदलून घ्या. पीस बदलून मांडवातली शिट्टी कशी थांबणार होती? जे कशाने झालं तेच ठाऊक नाही, त्याच्यावर नवा पीस म्हणजे दुसऱ्या पाणउताऱ्याची तयारी.

मग मी आजींचा नाद सोडून जोडीदारणीला गाठलं. ती बाई स्वभावाने मोकळी. म्हणाली, चार दिवसांनी ओवे गावात तिच्या भाचीच्या मुलीची हळद आहे, ती तिथल्याच एका बाईबरोबर गाणार आहे, बघायचं तर या. आजींना मात्र सांगू नका, त्यांना वाईट वाटेल की मी दुसरीबरोबर बसले.

ओवे म्हणजे खारघरच्या टॉवरांच्या कडेला राहिलेलं जुनं गाव. सकाळचा मांडव, सुपात तांदूळ, ताटात हळद, बाहेर डीजेवाला तारा जोडत होता. मी बायकांच्या मागे बसले. कोणाची कोण म्हणून कोणी विचारलं नाही, लग्नघरात हे एक बरं असतं. जोडीदारीण आणि ती दुसरी बाई मांडीला मांडी लावून बसल्या. समोरासमोर नव्हे, शेजारी शेजारी. जोडीदारणीने डोळे मिटले, आणि पहिली ओळ टाकायच्या आधी तिचा तळहात आपोआप वर गेला आणि कानावर बसला.

मी स्वतःच्या कपाळावर हात मारला. शेजारच्या बाईने वळून पाहिलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मशीन कानात जो आवाज सोडतं तो थोडा बाहेर गळतो. कानासमोर तळहात आला की तो त्यावर आपटून परत मशीनमध्येच शिरतो, आणि शिट्टी वाजते. हे मी रोज दहाजणांना समजावते. पण आजींना बोलायला लावलं, चघळायला लावलं, पदर घ्यायला लावला. गाताना धवलारीण कानावर हात ठेवते हे मला ठाऊक कुठून असणार? आणि त्यांनी तरी का सांगावं? आपण श्वास घेतो हे कोणी सांगतं का?

तिथे आणखी एक गोष्ट पाहिली. कडवं संपत आलं की जोडीदारणीचा दुसरा हात शेजारच्या बाईच्या मांडीवर जायचा आणि दाबायचा. एकदा झालं, दोनदा झालं. ती बाई गाणं संपल्यावर वैतागून म्हणाली की मला सारखी दाबतेस कशाला. जोडीदारीण ओशाळली. मला मागाहून तिने सांगितलं की आजींना ऐकू येईनासं झाल्यापासून ती अशी मांडी दाबून त्यांना खूण करत होती, की माझं संपलं, आता तू घे. वर्षानुवर्षं. कोणाला कळू न देता, पदराखालून. आता हाताला तीच सवय लागली होती. दिवस थोडे उरले होते, म्हणून मी तशीच निघाले.

ओव्याहून तडक कोन. आजींच्या कानात मशीन घातलं आणि म्हटलं, गाऊ नका, फक्त गाताना ठेवता तसा हात ठेवा. त्यांनी डावा तळहात डाव्या कानावर नेला आणि शिट्टी वाजली. त्या दचकल्या. हात काढला, बंद. ठेवला, सुरू. त्यांनी हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता.

मी मूर्खासारखं म्हटलं, मग झालं तर, गाताना हात ठेवू नका.

"हात काढला तर माजा आवाज मना गावत नाय," त्या म्हणाल्या. "सूरच जातो."

बरोबर होतं. पन्नास वर्षांची सवय पंधरवड्यात मोडत नाही, आणि मी तर पंधरवड्यातले निम्मे दिवस घालवून बसले होते. मी त्यांना विचारलं, जोडीदारीण कोणत्या बाजूला बसते? उजव्या. नेहमी उजव्याच? नेहमी. मग माझ्या ध्यानात आलं की आपण किती उलटं केलं आहे. डावा कान झाकलेला, आणि मशीन त्याच कानाला. जोडीदारणीकडचा उजवा कान उघडा, आणि तोच बिनमशीनचा.

डावा कान सरांनी निवडला होता त्याला कारण होतं. तपासणीत उजवा कान फार उतरलेला निघाला होता. मशीन लावावं तर ज्या कानात अजून जीव आहे त्याला, हा आमचा नियम. मी दुकानात जाऊन सरांना म्हटलं की मशीन उजव्या कानाला करायचं, रबरी टोपीऐवजी कानाच्या मापाचा घट्ट मोल्ड बनवायचा, म्हणजे आवाज बाहेर गळणार नाही. सर म्हणाले, त्या कानाला शब्द कळणार नाहीत. मी म्हटलं, शब्द त्यांना पाठ आहेत, त्यांना फक्त दुसरी कुठवर आली ते कळायला हवं. सर म्हणाले, मोल्ड मुंबईहून येईपर्यंत लग्न होऊन जाईल. मी म्हटलं, मी घेऊन येते. ते चिडले. एका मशीनपायी आठवडा गेला, हे दुकान आहे की धर्मशाळा, असं विचारलं. मीही आवाज चढवला. म्हटलं, हे मशीन परत आलं तर कोनमध्ये पुढची कित्येक वर्षं कोणी कानाला मशीन लावणार नाही, कुकर होतो म्हणतील. यावर त्यांनी नोंदवही पुढे ओढली आणि म्हणाले की आजींना घेऊन या.

आजींच्या उजव्या कानात गुलाबी लगदा भरून माप घेतलं. त्या डोळे मिटून बसल्या होत्या, थंड लागतंय एवढंच म्हणाल्या. मोल्ड हळदीच्या आदल्या दिवशी मिळाला. मी तो घेऊन कोनला पोचले तेव्हा अंगणात मांडव उभा होता, आंब्याचे टहाळे बांधून झाले होते. कानात बसवला. शब्द नीट कळत नव्हते, सरांचं खरं होतं. पण सूनबाई उजवीकडून बोलली की आजींची मान तिकडे वळत होती. मी विनवलं, आता मांडव आहे, एकदा जोडीदारणीला बोलावून म्हणून बघा. नाही म्हणजे नाही. मांडवाला अजून हळद लागलेली नव्हती.

म्हणजे जे काय होणार ते उद्या सगळ्या गावासमोर. दादांनी मला बाजूला घेतलं. मांडवाच्या खांबाशी त्यांनी मोठा स्पीकर आणून ठेवला होता, वर पेन ड्राइव्ह लावलेला. म्हणाले, "मॅडम, वाजली का मी लगेच गानी लावनार. मंग लोकांना वाटंल ठरलेलंच होतं." मी मान हलवली. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

हळदीच्या सकाळी मी लवकर गेले. मुठीत जास्तीची बॅटरी आणि छोटा ब्रश. मांडवात सतरंज्यांवर बायका दाटीने बसल्या होत्या. नवरी पाटावर, तिच्या समोर तांदळाचं सूप. मी मागच्या खांबाला टेकून बसले. दादा स्पीकरजवळ उभे होते, कोणाशी तरी जेवणाच्या पत्रावळींविषयी बोलत होते, पण डोळे आईवर होते. शेजारच्या गावच्या, त्या दिवशी हसलेल्या बायकाही आल्या होत्या. कोण कोणाच्या कानाशी लागतंय ते मी पाहत होते.

आजी आल्या. हिरवं नऊवारी, कपाळभर कुंकू, उजव्या कानात मोल्ड स्पष्ट दिसत होता. त्यांनी तो केसांत लपवला नव्हता. जोडीदारीण उजवीकडे बसली. तिचा हात पदराखालून आजींच्या मांडीवर गेला, तो मला दिसला कारण मला कुठे बघायचं ते ठाऊक होतं.

आजींनी डोळे मिटले. डावा तळहात वर गेला. हात कानावर बसला.

शिट्टी नाही. आजींची ओळ आली, जराशी कापरी, पण सरळ. जोडीदारणीने ती उचलली. पुन्हा आजी. तांदूळ पाण्यात पडले, नवरीने मान खाली घातली. माझा जीव भांड्यात पडणार एवढ्यात शिट्टी वाजली. लांबलचक, कर्कश.

मांडवातल्या सगळ्या माना आजींकडे वळल्या. दादांचा हात स्पीकरच्या बटणावर गेला. मागे कोणीतरी फिसकन हसलं. आजी मात्र थांबल्या नव्हत्या. त्यांनी ओळ पुरी केली, डोळे उघडले आणि घराच्या वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग मोठ्याने म्हणाल्या, "ह्यो खराच कुकर हाय. कोनी डाल लावली गो?"

सगळा मांडव हसला. वरच्या खिडकीतून सूनबाईने जीभ चावली. हसणं थांबेना. पण या वेळी आजीही हसत होत्या, आणि त्यांना हसू ऐकू येत होतं. दादांनी बटणावरचा हात काढला, खांबाला टेकले आणि दुसरीकडे तोंड फिरवून उभे राहिले.

गाणं पुन्हा सुरू झालं, आता आवाज मोठा होता. जोडीदारणीची ओळ संपत आली आणि तिने सवयीने मांडी दाबली. आजींनी गाता गाताच तिचा हात पदराखालून बाहेर काढला आणि तिच्याच मांडीवर ठेवला. सगळ्यांच्या देखत. जोडीदारणीला काय करावं कळेना. तिचा हात तिथेच उताणा पडून राहिला, पुढची ओळ तिने उचलली ती अर्ध्यात चिरकली. आजी तिच्यासाठी थांबल्या. इतकी वर्षं ती थांबायची तशा.

धवला संपला. नवरीच्या अंगाला हळद लागली, बायका उठू लागल्या, बाहेर डीजे सुरू झाला. त्या दोघी मात्र बसूनच होत्या. मी मशीन बघायला म्हणून जवळ गेले तेव्हा आजींनी जोडीदारणीचा तो हात उचलला आणि पुन्हा आपल्या मांडीवर ठेवला.

"ऱ्हाऊ दे गो तितंच," त्या म्हणाल्या. "आयकाला येतंय म्हनून काय झाला."

मी मशीन न बघताच खांबापाशी परत आले आणि मुठीतली बॅटरी पिशवीत टाकली.